चोर-पोलीस, पण ग्राफवर: माझं 'प्रूफ' नक्की कुठे फसलंय?

गुंतवळ:
नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सांगलीत असते. प्रोजेक्टसाठी गाईडनी "ग्राफवरचे पाठलागाचे खेळ बघ" एवढं एकच वाक्य सांगितलं आणि ते लग्नसराईत गावाला निघून गेले, म्हणून इथे विचारतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी खेळ असा: एक ग्राफ घ्यायचा (म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, ठिपका तो नोड आणि रेघ ती एज), सलग जोडलेला. आधी पोलीस आपापल्या नोडवर उभे राहतात, ते बघून चोर आपली जागा निवडतो, मग आळीपाळीने चाली. एका चालीत एका एजवरून शेजारच्या नोडवर जायचं किंवा जागेवरच थांबायचं. सगळ्यांना सगळं दिसतं, लपाछपी नाही. पोलीस चोराच्या नोडवर पोचला की संपलं. चोर कसाही पळाला तरी पकडायला कमीत कमी किती पोलीस लागतील, तो त्या ग्राफचा कॉप नंबर. झाडाला (म्हणजे ट्रीला, ज्यात कुठेही फेरी नसते) एक पोलीस पुरतो, चार किंवा जास्त नोडच्या सायकलला (म्हणजे गोल फेरीला) दोन लागतात, इथपर्यंत मी स्वतः वहीवर केलं आणि जाम मजा आली.

मग मेनिएलचं कंजेक्चर (म्हणजे अजून सिद्ध न झालेलं अनुमान) वाचलं, की एन नोडचा कुठलाही ग्राफ असो, एनच्या वर्गमुळाच्या एखाद्या ठरावीक पटीत पोलीस पुरतात. १९८५ पासून उघडं आहे म्हणे. मला वाटलं एवढं काय अवघड आहे त्यात, आणि रात्री दीडपर्यंत बसून 'सिद्ध' केलं :) हसू नका, वाचा.

सगळ्यात जास्त डिग्रीचा (म्हणजे सगळ्यात जास्त शेजारी असलेला) नोड शोधायचा, तिथे एक पोलीस कायमचा बसवायचा. चोर त्याच्या शेजाऱ्यांवर पाय ठेवूच शकत नाही, ठेवला की पुढच्या चालीत गेला. म्हणजे तो नोड आणि त्याचे सगळे शेजारी ग्राफमधून वजा. उरलेल्यात पुन्हा तेच. जोपर्यंत डिग्री एनच्या वर्गमुळाएवढी आहे तोपर्यंत प्रत्येक पोलीस तेवढे नोड खातो, म्हणून वर्गमुळाएवढेच पोलीस खर्च होतात. आणि शेवटी जे उरतं तिथे सगळ्यांची डिग्री कमी, म्हणजे चोराला पळायला वाटाच कमी, मग तिथे चार-दोन पोलीस पुरतील. झालं.

आता हे इतकं सोपं असतं तर चाळीस वर्षं लोक काय करत होते, म्हणजे माती खाल्लीय हे नक्की, पण कुठे ते सापडत नाही. आणि दुसरं, या विषयात एमएस्सीच्या पोरीला करता येण्यासारखं काही आहे का, की सगळं एकतर झालेलं नाहीतर अशक्य?

निवृत्त_मास्तर:
वा, मुलीनं वही उघडली हेच पुष्कळ. तुझी चूक शोधायला तरुण मंडळी येतीलच, मी आधी एक सांगतो जे प्रोजेक्टच्या पहिल्या प्रकरणात आलंच पाहिजे: एकटा पोलीस कुठल्या ग्राफवर जिंकतो.

शेवटून विचार कर. चोर कोंडला गेलाय, त्याची चाल आहे, पोलीस अजून त्याच्यावर पोचलेला नाही. चोर थांबला तरी धरला जातो, शेजारी गेला तरी धरला जातो. म्हणजे चोराचा शिरोबिंदू (तू नोड म्हणतेस तोच) आणि त्याचे सगळे शेजारी हे पोलिसाच्या शेजारात (पोलिसाला धरून) सामावलेले आहेत. अशा शिरोबिंदूला कोपरा म्हण. कोपरा नसेल तर एकट्या पोलिसाला चोर कधीच सापडणार नाही. आणि असेल तर तो खोडून टाक, उरलेल्यात परत कोपरा शोध, परत खोड. असं करत करत एकच शिरोबिंदू उरला तर एक पोलीस पुरे, मध्येच अडलास तर नाही. ही दोन्ही बाजूंनी खरी गोष्ट आहे. फ्रान्समध्ये किलिओनं १९७८ च्या प्रबंधात आणि अमेरिका-कॅनडाकडे नोवाकोव्स्की आणि विंकलर यांनी १९८३ साली, एकमेकांपासून वेगळी अशी मांडली. पाठ्यपुस्तकात हे दोन ओळींत उरकतात, पण तू दहा ग्राफ काढून हातानं खोडून बघ, मग कळतं.

मुक्ताफळे:
पोलीस भरतीला विचारतात का हे? सहज विचारतोय, भाच्याला सांगायचंय.

हॅलिफॅक्सकर:
गुंतवळ, मी नावाप्रमाणे हॅलिफॅक्सला असतो. मास्तरांनी म्हटलेले नोवाकोव्स्की इथल्याच डलहौसी युनिव्हर्सिटीतले, त्यामुळे इकडे या खेळाचं वेड जरा जास्तच आहे. मी स्वतः दुसऱ्या विषयात आहे, पण सेमिनारच्या फुकट बिस्किटांपायी बरंच कानावर पडलंय.

तुझ्या पहिल्या अर्ध्या भागात काहीही चूक नाही. खरंच. चूक त्या एका वाक्यात आहे, "वाटाच कमी, मग चार-दोन पोलीस पुरतील". वाटा कमी असणं चोराला जेवढं जाचक तेवढंच पोलिसालाही जाचक, हे विसरलीस. उदाहरण घे, ज्या ग्राफमध्ये त्रिकोण नाही आणि चौकोनही नाही, आणि प्रत्येक नोडला निदान डी शेजारी आहेत. चोर एका नोडवर आहे, त्याला पळायला डी वाटा. एक पोलीस त्यातल्या किती वाटा अडवू शकेल? फक्त एक! दोन अडवायच्या तर तिथे त्रिकोण किंवा चौकोन तयार व्हायला हवा, तो तर नाहीये. म्हणजे डी वजा एक पोलीस असतील तर चोराला कायम एक वाट मोकळी. डोडेकाहेड्रन (बारा पंचकोनी बाजूंचा घन) घे, २० नोड, प्रत्येकाची डिग्री फक्त ३, तरी तीन पोलीस लागतात. पीटरसन ग्राफ तर १० नोडचा, त्यालाही तीन.

बरं हे "डिग्री एवढे पोलीस" म्हणजे कमाल असं समजू नकोस, किमान आहे. सगळ्या नोडची डिग्री ३ ठेवून कॉप नंबर हवा तेवढा वाढवता येतो, हे आंद्रेनं १९८४ मध्येच दाखवलं. आणि २०२१ मध्ये आलेल्या होसैनी, मोहर आणि गोन्सालेझ यांच्या पेपरात तर डिग्री तीनच्या वर न जाणारे असे ग्राफ आहेत की ज्यांना जवळजवळ एनच्या वर्गमुळाएवढे पोलीस लागतात. म्हणजे तू ज्याला उरलंसुरलं म्हणून झटकलंस तिथेच अख्खं कंजेक्चर लपून बसलंय.

पण नाराज होऊ नकोस, आता गंमत सांगतो. डिग्री कमी असेल तर ग्राफ लांबट असतो. एका नोडपासून निघालं आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त डी शेजारी असले, तर के पावलांत साधारण डीचा के-वा घात एवढेच नोड गाठता येतात, म्हणून एवढ्या सगळ्या नोडपर्यंत पोचायला लॉग एन भागिले लॉग डी एवढी पावलं तरी चालावंच लागतं. म्हणजे तेवढ्या अंतरावरचे दोन नोड नक्की आहेत. त्यांच्यातला सगळ्यात जवळचा रस्ता घे. आयग्नर आणि फ्रॉम यांची १९८४ ची युक्ती अशी की सगळ्यात जवळच्या रस्त्यावर एकटा पोलीस पहारा देऊ शकतो, थोड्या चालींनंतर चोरानं त्या रस्त्यावर कुठेही पाय टाकला की हा तिथे हजर. म्हणजे मोठी डिग्री असेल तर तुझी युक्ती, लहान असेल तर रस्त्याची युक्ती, दोन्हीकडे एकेक पोलीस साधारण लॉग एन भागिले लॉग लॉग एन इतके नोड खातो. म्हणजे पोलीस लागतात एन भागिले तेवढे. हा बाउंड (म्हणजे जास्तीत जास्त किती पोलीस लागतील याची मर्यादा) १९८७ चा आहे, पीटर फ्रँकलचा. हो, तोच फ्रँकल जो पुढे जपानमध्ये टीव्हीवर चेंडू उडवत गणित शिकवायचा. तेव्हा रात्री दीड वाजता तू फ्रँकलच्या अर्ध्या पेपरापर्यंत पोचली होतीस.

आता यापुढे लोकांनी काय केलं ते ऐक आणि मग ठरव हात घालायचा का. २००८ मध्ये चिनिफोरूशाननं तो लॉग लॉग काढून टाकला, एन भागिले लॉग एन. मग २०११-१२ च्या सुमारास तीन वेगवेगळ्या गटांनी (लू-पेंग, स्कॉट-सुदाकोव्ह, आणि फ्रीझ-क्रिवेलेविच-लो) साधारण एकच सुधारणा केली, एन भागिले दोनचा 'वर्गमुळात लॉग एन' एवढा घात. ऐकायला भारी वाटतं ना? आकडे टाक. एन १० लाख, दोनच्या पायावर लॉग साधारण २०. कंजेक्चर म्हणतं हजाराच्या पटीत पोलीस. चिनिफोरूशान म्हणतो ५० हजार. आणि शेवटची सुधारणा, बारीकसारीक गोष्टींकडे डोळेझाक करून, ४५ हजार. एवढी सगळी डोकी लावून ५० चे ४५! एनचा ०.९९ वा घात पुरतो एवढंसुद्धा कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. एमएस्सीला याला हात लावू नकोस, पीएचडीलाही नको. प्राध्यापकी पक्की झाली की बघ.

गुंतवळ:
दादा, हे "अर्धा पेपर" वाचून आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली अर्ध्या पेपरला अर्धेच मार्क मिळतात.

पण एक विचारू का, मग वर्गमूळच का? हजारच का, शंभर का नाही? आणि प्लेनर ग्राफला (म्हणजे एजेस एकमेकींना न छेदता कागदावर काढता येतो त्याला) तीनच पुरतात असं वाचलं ते या रस्त्याच्या युक्तीनंच का?

हॅलिफॅक्सकर:
वर्गमूळ कारण त्याहून कमी होऊच शकत नाही. प्रोजेक्टिव्ह प्लेन घे (म्हणजे बिंदू आणि रेषांची अशी रचना की कुठल्याही दोन बिंदूंतून एकच रेषा जाते आणि कुठल्याही दोन रेषा एकाच बिंदूत भेटतात), बिंदू एका बाजूला, रेषा दुसऱ्या बाजूला, बिंदू रेषेवर असला तर एज. ऑर्डर ७ ची (म्हणजे प्रत्येक रेषेवर ८ बिंदू) घेतली तर ५७ बिंदू आणि ५७ रेषा, ११४ नोड, सगळ्यांची डिग्री ८. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते म्हणून चौकोन नाही, आणि दोन बाजूंचा ग्राफ असल्यानं त्रिकोणही नाही. मगाचचंच गणित, किमान ८ पोलीस. सर्वसाधारण हिशोबानं एनच्या निम्म्याचं वर्गमूळ.

प्लेनरचं हो, त्याच युक्तीनं. दोन पोलीस दोन रस्ते धरतात, चोर मधल्या तुकड्यात अडकतो, तिसरा त्या तुकड्यात नवा रस्ता धरतो, तुकडा लहान होतो, आधीच्यातला एक मोकळा होतो, असं चालू. भोकं असलेल्या पृष्ठभागांवर हे बिघडतं. टोरसला म्हणजे मेदूवड्याला तीनच पुरतात हे लेनरनं आता कुठे दाखवलं, आणि जी भोकांना जी अधिक तीन पुरतील हे श्रोडरचं २००१ चं कंजेक्चर अजून तसंच आहे.

सेगफॉल्ट:
मला एक कळत नाही, सगळे बाउंडच्याच मागे का लागतात, कोड का लिहीत नाही कोणी. दोन पोलीस, एक चोर, १६ नोडचा ग्राफ, एकूण स्थिती किती? १६ गुणिले १६ गुणिले १६, आणि चाल कोणाची म्हणून दुप्पट, ८१९२. चोर पकडला गेलेल्या स्थितींपासून उलटं चालत यायचं, ज्या स्थितीत पोलिसाला एक तरी जिंकणारी चाल आहे त्यावर टिक, चोराच्या सगळ्याच चाली टिक केलेल्या स्थितीत जातात तिथेही टिक, नवीन टिक लागायची थांबली की थांब. पायथॉनमध्ये ३० ओळी. पोलीस किती ते ठरवून टाकलं तर हे पॉलिनॉमियल आहे, म्हणजे ग्राफ वाढला तरी वेळ आटोक्यात राहतो. पोलिसांची संख्याही इनपुटमध्ये आली की बोंब, किनर्सलीनं २०१५ मध्ये ते एक्सपटाइम-कम्प्लीट (म्हणजे वेळ घातांकी वेगानं वाढत जाणारं) असल्याचं सिद्ध केलं, म्हणजे एनपी हा एरवीचा अवघड वर्ग परवडला म्हणायची वेळ. पण तुला १०-२० नोडचे ग्राफ तपासायचेत ना, लॅपटॉप गरमसुद्धा होणार नाही.

मुक्ताफळे:
भरतीचं उत्तर मिळालं नाही. बरं ते सोडा, याचा उपयोग काय सिरीयसली?

हॅलिफॅक्सकर:
मुक्ता, याच घराण्यातला दुसरा खेळ घे, चोर दिसत नाही आणि कितीही वेगानं पळतो. तो सुरू झाला गुहेत हरवलेल्या माणसाला शोधण्यावरून. ब्रीश नावाच्या अमेरिकन गुहा-भटक्यानं १९६७ मध्ये गुहावाल्यांच्या नियतकालिकात लिहिलं, पार्सन्सनं १९७६ मध्ये त्याचं गणित केलं. आणि चोर दिसतो पण वाऱ्यासारखा पळतो, पोलीस हेलिकॉप्टरनं कुठेही उतरतात, असा खेळ घेतला तर लागणारे पोलीस म्हणजे बरोब्बर ट्रीविड्थ (ग्राफ झाडापासून किती वेगळा आहे याचं माप) अधिक एक (सीमूर आणि थॉमस, १९९३). ट्रीविड्थ कमी असली की एरवी हाताबाहेर जाणारे कित्येक प्रॉब्लेम पटापट सुटतात. भरतीला नाही विचारत.

निवृत्त_मास्तर:
विषय मी सुचवतो. कंजेक्चरच्या मागे न लागता एक ठरावीक कुटुंब घे. आता पाच शिरोबिंदूंची सरळ वाट (मध्ये एकही जवळची आडवाट नसलेली, म्हणजे इंड्यूस्ड पाथ) ज्यात सापडत नाही अशा ग्राफांना दोन पोलीस पुरतात हे चुडनोव्स्की, नोरिन, सीमूर आणि तुर्कोत यांनी एवढ्यातच सिद्ध केलं. नावं बघ केवढी मोठी, आणि प्रश्न बघ केवढा लहान.

आणि सुरुवातीला घरचाच ग्राफ घे की. शरदचंद्र श्रीखंडे, नागपूरला शिकलेले, पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे पहिले प्रमुख. बोस आणि पार्करबरोबर १९५९ मध्ये ऑयलरचं लॅटिन चौरसांबद्दलचं अनुमान पाडलं ते हेच. २०२० मध्ये गेले, वयाची शंभरी ओलांडून. त्यांच्या नावाचा ग्राफ आहे, १६ शिरोबिंदू, ४८ कडा. चार बाय चारची चौकट काढ, चौकटीच्या बाजू गुंडाळून घे म्हणजे उजवीकडून बाहेर पडलास की डावीकडून आत, वरून गेलास की खालून. प्रत्येक घर डावी-उजवी-वर-खालीला जोड आणि एकाच तिरक्या दिशेनं दोन्हीकडे जोड, डावी-खाल ते उजवी-वर. प्रत्येकाला सहा शेजारी. हा टोरसवर बसतो, म्हणजे वर म्हटल्याप्रमाणे तीन पोलीस पुरतात. दोन पुरतील का? एक पुरेल का? कोड लिहायच्या आधी वहीवर कर.

गुंतवळ:
सर, दोन दिवस गायब होते कारण हेच करत होते, कॉलेजला पण चौकटीचा कागद घेऊन गेले.

एक नाही पुरत. कुठल्याही दोन शेजारी घरांना सामाईक शेजारी दोनच असतात. म्हणजे पोलीस चोराला चिकटून उभा राहिला तरी चोराचं घर आणि सहा शेजारी मिळून सात जागांपैकी चारच त्याच्या आवाक्यात येतात. कोपराच नाही कुठे.

दोनचं बघताना हे सापडलं: चोराचे सहा शेजारी आपापसात एक षटकोन करतात. त्या षटकोनावर दोन पोलीस समोरासमोर आले तर एकाच्या आवाक्यात तीन, दुसऱ्याच्या आवाक्यात उरलेले तीन, चोर ठार कोंडला. पण चोर त्यांना समोरासमोर येऊ कशाला देईल? म्हणून मग सगळ्या केसेस काढल्या. लांबच्या कुठल्याही घरातून चोराच्या षटकोनावरच्या दोनच जागा गाठता येतात. त्या बघून एकतर पोलीस लगेच समोरासमोर येऊ शकतात, नाहीतर षटकोनावर एकमेकांच्या शेजारी तरी नक्की येऊ शकतात. शेजारी आले की चोराला दोनच घरं उरतात, आणि कुठल्याही घरी गेला तरी पुढच्या चालीत पोलीस समोरासमोर! म्हणजे पोलीस कुठूनही सुरू करोत, त्यांच्या तिसऱ्या चालीत चोर हातात. उत्तर २.

कोणीतरी तपासा प्लीज, मागच्या वेळचा अनुभव ताजा आहे.

सेगफॉल्ट:
कोड चालवला. बरोबर आहे, २. आणि एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटलीय, पोलिसांनी सुरुवातच एकमेकांच्या शेजारी उभं राहून केली तर चोरानं कुठलंही घर निवडलं तरी ते पहिल्याच चालीत समोरासमोर येतात. म्हणजे दोन चालींत खेळ खल्लास.

गुंतवळ:
अय्या हो की! आत्ता चौकटीवर करून बघितलं, पोलीस तळाच्या दोन शेजारच्या घरांत ठेवले आणि दोघांपासूनही लांब असलेली सहाच घरं उरतात, सहाही तपासली, सगळीकडे पहिल्या चालीत कोंडी. आणि एका चालीत तर शक्यच नाही, कारण दोन पोलीस मिळून सोळाच्या सोळा घरं झाकूच शकत नाहीत.

मग आता पुढचं. याच मापाचा दुसरा ग्राफ आहे, चार बाय चार पटावर हत्तीच्या चालीचा, त्यातही १६ नोड, सहा शेजारी, कुठल्याही दोन घरांना सामाईक शेजारी दोन-दोन. त्यातही दोन पोलीस, एक चोराच्या आडव्या ओळीत आणि एक उभ्या ओळीत, दोन चालींत खलास. मापं सारखी आणि उत्तरंही सारखी. हे नेहमीच असं होतं का? म्हणजे सगळी मापं सारखी असलेल्या दोन ग्राफांचे कॉप नंबर वेगळे निघू शकतात का? सेगफॉल्ट, तुझा कोड दे ना इथे, २५, २६ आणि २८ नोडचे असे बरेच ग्राफ आहेत, ते घालून बघते.

सेगफॉल्ट:
देतो, पण आधी त्यातले कॉमेंट्स साफ करतो, त्यात शिव्या आहेत.